साथ ओसरते, उधारी राहते

जानेवारी २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात वसुलीसाठी आम्ही पिरंगुटला गेलो होतो. चांदणी चौक ओलांडला की भूगाव, भुकूम, पिरंगुट, घोटावडे फाटा, पौड आणि तिथून पुढे मुळशी धरणाकडची गावे, ही आमची तीस वर्षांची लाइन. सण आणि लग्नसराई सोडली तर या बाजूचा बाजार थंडच असतो. तेव्हा दुकानदाराच्या गादीवर बसायचे, चहा घ्यायचा, जुने खाते काढायचे आणि मिळेल ते घेऊन उठायचे, असा आमचा रिवाज. त्या दिवशी गादीवर बसलो तर शेजारचे चिकनचे दुकान उघडे आणि रिकामे. जाळीत कोंबड्या भरलेल्या, ठोकळा कोरडा, सुरा धुऊन ठेवलेला आणि मालक स्टुलावर बसून मोबाईल पाहत असलेला. मुलगा आमच्याच बिरादरीतला, त्याच्या वालिदांना आम्ही ओळखत होतो. आम्ही विचारले, "काय रे, आज एकादशी आहे काय?" तो म्हणाला, "चाचा, आठ दिवस झाले, रोजच एकादशी आहे."

पुण्यात तेव्हा जीबीएसची साथ होती. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात माणसांचे हातपाय एकाएकी लुळे पडू लागले होते. रुग्णांचा आकडा पुढे दोनशेच्या वर गेला आणि काही माणसे दगावलीही. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. पोटात एखादा जंतू जातो, जुलाब होतात आणि मग शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती उलटून आपल्या मज्जातंतूंवर हल्ला करते. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला. हा जंतू दूषित पाण्यातून पोटात जातो, तसाच कच्च्या राहिलेल्या कोंबडीच्या मांसातूनही जाऊ शकतो. पाणी उकळून प्या आणि मांस नीट शिजवून खा, एवढेच डॉक्टरांचे सांगणे होते. लोकांनी यातले पाणी विसरले आणि कोंबडी लक्षात ठेवली. डोंगरापलीकडे पिरंगुटात, जिथे आम्ही बसलो होतो तिथे, दिवसाला पन्नास कोंबड्या विकणारा मुलगा आठ-दहावर आला होता. समोरच्या टपरीवर मात्र उघड्या पिंपातले पाणी लोक खुशाल पीत होते.

या पानावर आपण सुताचे भाव, जीएसटी, बँकेचे व्याज यांविषयी वाचतो. आज आम्ही अशा एका तोट्याविषयी लिहितो आहोत, जो कुठल्याच वहीत मांडला जात नाही. साथ येते तेव्हा रोगाने जे जाते ते जातेच. त्याशिवाय भीतीने जे जाते, त्याचा बोजा पहिल्यांदा छोट्या धंदेवाल्यावर पडतो. आमच्या समाजातला कसाई, चिकनवाला, कापडाचा फेरीवाला, भंगारवाला, फळांची हातगाडी लावणारा, हे सारे त्याच रांगेत उभे आहेत. आमच्या उमरीत ही गोष्ट आम्ही चार-पाच वेळा पाहिली. एकदा तर आम्ही स्वतः त्यात गुन्हेगारही होतो. ते पुढे सांगू.

पहिली वेळ १९९४ ची. आम्ही तेव्हा चोविशी-पंचविशीत होतो आणि वालिद साहेबांच्या हाताखाली पेढीवर बसायला नुकतीच सुरुवात केली होती. साडी, अस्तर, ड्रेस मटेरियल, सारा माल सुरतेहून येई. त्या वर्षी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण निघाले. आदल्या वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ रोजी, किल्लारीचा भूकंप झाला होता. त्यानंतर मराठवाड्यात सोडून दिलेल्या घरांत धान्य पडून राहिले आणि उंदीर माजले, असे तेव्हा सांगितले गेले. बीड आम्हांला दूर वाटले. मग सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरतेत फुप्फुसाचा प्लेग आल्याची बातमी फुटली आणि दोन-चार दिवसांत लाखो माणसे ते शहर सोडून पळाली. स्टेशनवर गाडीच्या टपावर माणसे, बसमध्ये माणसे, ट्रकमध्ये माणसे. पळणाऱ्यांत आमच्या ओळखीचे विणकर होते, दलाल होते, हिऱ्याचे कारागीर होते. काही डॉक्टरही दवाखाने बंद करून गेले.

आमच्या धंद्यात गाठ म्हणजे कापडाची गाठ. त्या महिन्यात गाठ म्हटले की माणूस आधी काखेत हात घालून पाहायचा. रविवार पेठेत सुरतेहून आलेली पार्सले हमालांनी ट्रकमधून उतरवून घेतली नाहीत. दसरा-दिवाळी तोंडावर, ऑर्डरी लागलेल्या, बिल्टी हातात आणि माल ट्रान्सपोर्टच्या गोदामात पडलेला. गिऱ्हाईक दुकानात येऊन पहिला सवाल करी, हा माल सुरतेचा तर नाही?

आम्ही काय केले ते आता इतक्या वर्षांनी लिहायला हरकत नाही. आम्ही साड्यांच्या खोक्यांवरची सुरतेची लेबले खरवडली, ठाणांच्या काठावरचा शिक्का कापून टाकला आणि माल भिवंडीचा म्हणून विकला. एकटे आम्हीच नव्हतो, आळीतल्या बहुतेकांनी तेच केले. पुढे कळले की कोऱ्या साडीमुळे हा रोग होत नसतो. उंदरावरची पिसू चावली तर गाठीचा प्लेग होतो आणि रुग्ण अगदी जवळ येऊन खोकला तर फुप्फुसाचा. पण विकताना हे आम्हांला कुठे ठाऊक होते? माल धोक्याचा असू शकतो असे आमच्याही मनात होते आणि तरी आम्ही तो विकला. वालिद साहेबांना हे कळले तेव्हा ते एक शब्द बोलले नाहीत. फक्त दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गल्ल्यावर बसणे आठ दिवस सोडले.

त्याच दिवसांत पुण्यात टेट्रासायक्लिनच्या गोळ्या बाजारातून गायब झाल्या. आमच्या घरातही चार पाकिटे आली. एकही गोळी लागली नाही. ती पाकिटे कपाटात पडून मुदत संपून वाया गेली आणि कुणा खऱ्या रुग्णाला त्या वेळी ती मिळाली नसतील, हा विचार मनात यायला आम्हांला कित्येक वर्षे लागली.

आता हिशोब पाहा. त्या साऱ्या साथीत देशभर ६९३ संशयित रुग्ण नोंदले गेले आणि ५६ मृत्यू झाले. संशयितांपैकी ४८८ महाराष्ट्रातले होते, गुजरातेतले ७७. म्हणजे सुरतेच्या नावाने आम्ही थरथरत होतो आणि नोंदीत आमचेच राज्य सगळ्यांत वर होते. तिकडे आखाती देशांनी विमाने बंद केली, भारताचा माल बंदरावर अडकला. ज्यांची मुले दुबई-शारजात नोकरीला होती त्यांना सुटी संपूनही परतता येईना. देशाच्या एकूण नुकसानीचा जो अंदाज नंतर वारंवार दिला गेला, तो सुमारे पावणेदोन अब्ज डॉलरचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रवासावर वा व्यापारावर बंदी घाला असे कुणालाही सांगितले नव्हते. बंदी भीतीने घातली.

एक गोष्ट मात्र सुरतेच्या पदरात टाकली पाहिजे. १९९५ साली एस. आर. राव तिथे महापालिका आयुक्त म्हणून आले आणि त्यांनी ते शहर असे धुऊन काढले की दोन वर्षांच्या आत देशातल्या स्वच्छ शहरांत त्याचे नाव चंडीगढच्या मागोमाग घेतले जाऊ लागले. भीतीचा असा उपयोग केलेला आम्ही दुसरीकडे फारसा पाहिला नाही.

कापड आणि प्लेग यांचे नाते जुने आहे, हेही आपल्या धंद्यातल्या माणसाने जाणून असावे. इंग्लंडात डर्बीशायर भागात ईयम नावाचे खेडे आहे. १६६५ साली लंडनहून तिथल्या शिंप्याकडे कापडाचे एक पार्सल आले आणि त्यातल्या पिसवांबरोबर प्लेग आला, असे तिथे परंपरेने सांगतात. गावाने आपल्या पाद्र्याच्या सल्ल्याने स्वतःला बंद करून घेतले. कुणी बाहेर जायचे नाही, कुणी आत यायचे नाही. शेजारच्या गावांनी शिवेवरच्या दगडापाशी धान्य आणून ठेवावे आणि ईयमवाल्यांनी दगडाच्या खळग्यात सिरका ओतून त्यात नाणी ठेवावीत, असा सौदा चाले. गावातली शेकडो माणसे मेली, पण आजूबाजूची गावे वाचली.

हे वाचताना आम्हांला हजरत उमर (रजि.) यांचा सीरियाच्या वाटेवरचा प्रसंग आठवतो. अमवासच्या वबेची खबर त्यांना सर्ग या ठिकाणी मिळाली आणि सल्लामसलत करून त्यांनी काफिला मागे फिरवला. तकदीरपासून पळता काय, असे हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले. त्यावर त्यांनी जे उत्तर दिले त्याचा आशय असा की हे मागे फिरणेही अल्लाहच्या तकदीरमध्येच आहे. जिथे साथ आहे तिथे जाऊ नये आणि आपण असू तिथे आली तर तिथून पळू नये, ही हदीस हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी त्याच वेळी सांगितली. यातला पहिला भाग प्रत्येकाला पाठ असतो. दुसरा भाग सुरतेच्या स्टेशनवर कुणालाच आठवला नाही.

पण भीती नेहमी रोगाचीच असते असे नाही. इलाजाचीही असते आणि त्यात आपला समाज पुढे आहे, हे कबूल केले पाहिजे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या वर्षी सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. पुण्यात रँडच्या पथकांनी घराघरांत घुसून जी झडती घेतली आणि २२ जून १८९७ ला त्याचे जे पर्यवसान झाले, ते शाळेतल्या इतिहासात असते. मदनपुऱ्याची हकीगत त्या मानाने कमी लोकांना माहीत आहे. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईत मदनपुऱ्यातल्या एका जुलाहा घरातली आजारी मुलगी तपासून इस्पितळात न्यावी असा पथकाने आग्रह धरला, मोहल्ला आडवा आला, दंगल झाली, गोळीबार झाला, माणसे मेली. परक्या पुरुषाने पोरीला हात लावू नये हे त्या विणकरांचे म्हणणे आम्हांला समजते. पथकाने दाई किंवा स्त्री डॉक्टर आणली असती तर कदाचित काहीच घडले नसते. सरकारने समजावण्याऐवजी शिपाई पाठवले आणि मोहल्ल्याने ऐकण्याऐवजी दगड उचलले. २०२१ साली कोविडच्या लसीविषयी आमच्या काही वस्त्यांत ज्या गोष्टी पसरल्या, मूल होत नाही वगैरे, त्या ऐकताना आम्हांला १८९८ सालच फिरून आल्यासारखे वाटले. आम्ही लस घेतली आणि आमच्या गादीवर बसणाऱ्या प्रत्येकाला दंडावरचे भोक दाखवले. असो.

२००९ च्या स्वाइन फ्लूबद्दल फार लिहीत नाही. ३ ऑगस्ट २००९ ला देशातला त्या रोगाचा पहिला बळी पुण्यात गेला, चौदा वर्षांची शाळकरी मुलगी. नायडू रुग्णालयापुढे रांगा लागल्या, शाळा आणि सिनेमे बंद झाले, लक्ष्मी रस्ता ओस पडला. त्याच महिन्यात रमजान आणि गणपती दोन्ही होते आणि दोन्हींचा सीझन वाया गेला. मास्क मात्र चढ्या भावाने विकले गेले. आमच्याकडचे सुती कट-पीस तेव्हा शिंप्यांनी मास्कसाठी उचलले, हे लपवण्यात अर्थ नाही.

मग आले २०२०. त्याची सुरुवात कोंबडीपासून झाली, हे आता लोक विसरले आहेत. फेब्रुवारीत कुणीतरी मोबाईलवर आजारी कोंबडीचे फोटो फिरवले आणि खाली लिहिले की कोरोना यातून होतो. केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने याचा काही संबंध नाही असे त्याच महिन्यात जाहीर केले. पण मोबाईलवरचा फोटो धावतो आणि सरकारी पत्रक चालत येते. पोल्ट्रीवाल्यांना पक्षी खाद्याच्या किमतीतही खपेना. काहींनी फुकट वाटले, काहींनी खड्डे खणून पुरले. मटणाचा भाव त्याच वेळी चढला. म्हणजे गिऱ्हाइकाचे मांस सुटले नव्हते, फक्त गरिबाची कोंबडी सुटली होती.

९ मार्चला पुण्यात पहिले रुग्ण निघाले, २४ च्या मध्यरात्रीपासून देश बंद झाला आणि महिनाअखेर दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजची बातमी आली. तिथे एवढी माणसे जमली ती चूकच होती, आम्ही तेव्हाही तसेच म्हणत होतो. पण त्यानंतर जे झाले ते चुकीच्या मानाने फार मोठे झाले. टीव्हीवर आठवडेच्या आठवडे एकच विषय. फळांना थुंकी लावतात, नोटांना लावतात, असे जुने वा दुसरीकडचे व्हिडिओ नव्याने फिरले. देशात कित्येक ठिकाणी हातगाडीवाल्यांना नाव विचारून हाकलले गेले. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ विदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि या लोकांना बळीचा बकरा केले गेले असण्याची शक्यता स्पष्टपणे नोंदवली. निकाल आला तोवर ईद येऊन गेली होती, हातगाड्या विकल्या गेल्या होत्या. निकालाची बातमी आतल्या पानावर आली.

मुळशीत आम्ही काय पाहिले ते सांगतो. सुरुवातीला गावांनी शिवेवर काटेरी फांद्या आणि दगड टाकून रस्ते अडवले. ते सर्वांसाठी होते. मुंबई-पुण्याहून आलेल्या गावच्याच पोरांना चौदा दिवस शाळेत ठेवले, आई लांबून भाकरी ठेवून जायची. त्यात जातधर्म नव्हता, फक्त भीती होती आणि त्या भीतीत थोडे शहाणपणही होते. धरणाकडच्या गावात दवाखाना लांब, गाडी मिळणार नाही, म्हातारी माणसे घरात. अशा गावाने दार लावून घेतले तर त्याला दोष कसा द्यावा? मरकजच्या बातमीनंतर मात्र काही ठिकाणी दारावरचा प्रश्न बदलला. कुठून आलास, याऐवजी नाव काय, असे विचारले जाऊ लागले.

आमच्याकडून माल घेऊन मोटारसायकलवर मुळशी खोऱ्यात फिरणारा एक फेरीवाला होता. वीस वर्षे त्याने त्या बाजूच्या वाड्यावस्त्या तुडवल्या. सुती नऊवारी, परकर, टॉवेल, लहान पोरांचे कपडे. बायका त्याला भाई म्हणत. हप्त्याने घेत, भात विकला की पैसे देत. लग्नाचा बस्ता कुणाकडे केव्हा निघणार हे त्याला घरच्या माणसांआधी कळायचे. जून २०२० मध्ये रस्ते खुले झाल्यावर तो गाठोडे बांधून निघाला. एका गावात, नाव लिहीत नाही, कारण तिथे आमची अजून दोन खाती आहेत, चार तरुणांनी त्याला वेशीवर अडवले. ते चारही त्याला ओळखत होते. एकाच्या लग्नातले आहेराचे कापड त्यानेच पुरवले होते. "भाई, तुझ्यावर राग नाही, पण आता येऊ नकोस, गावात चर्चा होते," असे ते म्हणाले. त्याने वाद घातला नाही. गाडी वळवली. अर्ध्या फर्लांगावर मागून एक बाई धावत आली, त्याच्यापासून दहा पावलांवर थांबली, पदर तोंडाला लावला आणि मैलाच्या दगडावर दोनशे रुपये ठेवून मागे सरली. बाकी शंभर पुढच्या महिन्यात, असे म्हणाली. हे त्याने आम्हांला सांगितले तेव्हा ईयमचा तो शिवेवरचा दगड आम्हांला ठाऊक नव्हता. पुढे वाचनात आला तेव्हा आधी त्या बाईचीच आठवण झाली.

त्या काळात कापडालाही लोक भीत होते. गिऱ्हाईक ठाण उलगडू देत नव्हते आणि उलगडले तर हात लावीत नव्हते. परत आलेली साडी आम्ही तीन दिवस वेगळी ठेवत असू. नोटांवर इस्त्री फिरवणारे दुकानदार आम्ही पाहिले, एकाची पाचशेची नोट करपली. पुढे २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने सांगितले की वस्तूंना हात लावून हा रोग होण्याचा संभव फारच कमी, तो मुख्यतः हवेतून पसरतो. म्हणजे आम्ही साड्या धूपात टाकत होतो आणि बंद दुकानात दहा माणसे बसवून चहा पीत होतो. भीतीपोटी चुकीच्या जागी कुलूप लावणे म्हणतात ते हेच.

त्याच वर्षात आपल्या लोकांनी जे केले तेही नोंदवायला हवे. इचलकरंजी हे यंत्रमागांचे गाव. तिथल्या मुस्लिम समाजाने जकात-सदक्याच्या पैशातून ३६ लाख रुपये जमवून इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभा करून दिला. माग बंद असताना हे पैसे निघाले, हे यंत्रमागवाल्यांना वेगळे समजावून सांगायला नको. पुण्यात आझम कॅम्पसने आपल्या मशिदीची जागा विलगीकरणासाठी देऊ केली. ज्या प्रेताला घरचे हात लावत नव्हते त्यांना कफन-दफन आणि अग्नी दोन्ही देणाऱ्यांत आपले तरुण होते. कापडाच्या कित्येक पेढ्यांनी लठ्ठा फुकट दिला. याची बातमी फळवाल्याच्या व्हिडिओइतकी धावली नाही, पण ज्या घरांत ती माणसे गेली त्या घरांना माहीत आहे.

जानेवारी २०२१ मध्ये बर्ड फ्लू थेट मुळशी तालुक्यात आला. परभणीच्या मुरुंब्यात शेकडो कोंबड्या मेल्याची बातमी आली आणि त्या महिन्यात मुळशीतल्या नांद्याचे आणि दौंडकडच्या बोरीबेलचे नावही सरकारी पत्रकात दिसले. या खेपेला रोग खरा होता, पण कोंबड्यांचा. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत जातात, तिथून होकार आला की बाधित ठिकाणाभोवती एक किलोमीटरच्या आतले पक्षी मारून पुरतात आणि दहा किलोमीटरवर नजर ठेवतात. शिजवलेले मांस आणि उकडलेली अंडी खायला हरकत नाही, ७० अंशांवर अर्धा तास शिजवले की विषाणू मरतो, असे खाते रोज सांगत होते. आपल्या घरात रस्सा यापेक्षा जास्त वेळ उकळतो.

चिकनचा धंदा करणाऱ्या बांधवांसाठी यातले दोन मुद्दे कामाचे आहेत. सरकारी भरपाई मिळते ती पथकाने मारलेल्या पक्ष्यांची. त्या वर्षीचा दर आठ आठवड्यांवरच्या अंड्याच्या कोंबडीला ९० रुपये, सहा आठवड्यांवरच्या ब्रॉयलरला ७०, लहान पिलाला २० आणि अंड्याला ३ रुपये असा होता. आधीच मेलेल्या पक्ष्याची भरपाई नाही, म्हणून मर दिसताच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवण्यातच फायदा. लपवणारा तोट्यात जातो आणि शेजाऱ्यालाही नेतो. दुसरा मुद्दा कडू आहे. ज्याचे पक्षी मारले त्याला काही मिळते, पण ज्याच्या दुकानात गिऱ्हाईक आले नाही त्या किरकोळ विक्रेत्याला काहीच मिळत नाही. २००६ मध्ये नवापुरात देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला तेव्हाही असेच होते. तेव्हा त्याचा बंदोबस्त आपला आपणच करावा लागतो. पिरंगुटच्या त्या मुलाला आम्ही जीबीएसच्या दिवसांत एवढेच सुचवले की दुकानात स्वच्छ पाण्याची टाकी बसव, ठोकळा गिऱ्हाइकासमोर धू आणि किती वेळ शिजवावे ते मराठीत मोठ्या अक्षरात लिहून लाव. त्याने तसे केले. गिऱ्हाईक त्यामुळे परतले की बातमी थंडावल्यामुळे, ते सांगता येणार नाही. पण फेब्रुवारीअखेर ठोकळा पुन्हा ओला होता.

आता आमचा फेरीवाला. त्या वेशीवरून परतल्यावर त्याने त्या बाजूची फेरी सोडली ती सोडलीच. आम्ही दोनदा म्हटले, वर्ष झाले, लोक विसरले, जाऊन तर बघ. तो म्हणाला, "चाचा, लोक विसरले असतील, मी अजून विसरलो नाही." आता तो हिंजवडीत एका सोसायटीच्या गेटवर बारा तासांची ड्युटी करतो. आमच्या वहीत त्याच्या नावावर ४,३०० रुपये आहेत. ते मागायला आम्ही गेलो नाही. तोच एके दिवशी पेढीवर आला आणि आपली खिशातली वही आमच्यापुढे ठेवून म्हणाला, तुम्ही त्या लाइनला जाता, यातले काही वसूल झाले तर माझ्या खात्यात जमा करा.

त्या वहीत आडनावे नाहीत. वडाखालची वहिनी, पिठाच्या गिरणीची आजी, दोन म्हशीवाले, असे लिहिलेले आहे, अर्धे मराठीत आणि अर्धे उर्दूत. मागच्या पावसाळ्यानंतर पौडहून पुढे गेलो तेव्हा आम्ही ती बरोबर घेतली. पिठाच्या गिरणीची आजी अजून आहे, गिरणी बंद पडली आहे. आम्ही भाईचे नाव सांगताच ती आत गेली, डब्यातून साडेतीनशे रुपये आणले आणि मोजून हातात दिले. वहीत तिच्या नावावर तीनशेच होते. आम्ही पन्नास परत करू लागलो तर तिने हात मागे घेतला. म्हणाली, "राहू द्या. त्याला सांगा, हिरवं नऊवारी आणायचं कबूल केलं होतं त्यानं, अजून आणलं नाही."

ते नऊवारी आम्ही काढून ठेवले आहे. न्यायचे कुणी, यावर आमची आणि त्याची अजून बोलणी चालू आहेत.